प्रीमियर पद्मिनीचे मागचे सस्पेन्शन: पाटे, बुश, शॉकअप आणि बदलाचे पर्याय

कुर्ला_अकराशे (धागाकर्ता)

पद्मिनी बाळगणाऱ्या मंडळींत मागच्या सस्पेन्शनचा विषय वारंवार निघतो आणि त्यावर मिळणारे सल्ले बहुधा दोनच असतात. एक म्हणजे "एक पाटा वाढवून घ्या" आणि दुसरा म्हणजे "पाटे काढून टाका, कॉइल बसवा". (पाटा म्हणजे लीफ स्प्रिंगची पोलादी पट्टी, कॉइल म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग.) मला हे दोन्ही सल्ले मान्य नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेल्या आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने धावलेल्या या गाडीचे मागचे सस्पेन्शन मुळात चांगले आहे. ते योग्य क्रमाने पूर्ववत केले, तर बदलाची गरजच उरत नाही, हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी रचना समजून घेऊ. पुढच्या बाजूला विशबोन आणि कॉइल स्प्रिंग असली, तरी मागे अखंड एक्सल आहे आणि तो दोन्ही बाजूंच्या अर्धलंबवर्तुळाकार पाट्यांच्या जुड्यांवर यू-बोल्टने आवळलेला आहे. जुडीचे पुढचे टोक बॉडीला पिनने जोडलेले असते, तर मागचे टोक झुलत्या शॅकलवर (हलणाऱ्या दुव्यावर) असते, कारण पाटा दबला की त्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा द्यावी लागते. गाडीचे वजन पेलणे हे पाट्यांचे एक काम झाले. एक्सलला जागेवर धरून ठेवणे, चाकांची ओढ बॉडीपर्यंत पोहोचवणे आणि ब्रेक दाबल्यावर एक्सलला फिरू न देणे, ही कामेही मुख्यतः पाटेच करतात. त्यामुळे पुढच्या पिनचा बुश (पिनेभोवतीची रबरी नळी) झिजला की एक्सल किंचित तिरका होऊ लागतो आणि घाटात वळण घेताना गाडी मागून कोणीतरी सुकाणू धरल्यासारखी वागते. अशा वेळी लोक आधी शॉकअप बदलतात, मग टायर बदलतात आणि दोष मात्र एका लहानशा रबरात राहून जातो.

आता टॅक्सीतून निवृत्त झालेल्या गाड्यांविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण आज बाजारात मिळणाऱ्या पद्मिनींत त्यांचा वाटा मोठा आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. या गाड्यांच्या डिकीत सीएनजीची पोलादी टाकी होती, टपावर कॅरियर होते आणि सामानासह प्रवासी रोजचेच होते. एवढा भार मागे आल्यावर गाडी बसू नये म्हणून ज्यादा पाटा घालणे त्या धंद्यात साहजिक होते. मात्र आता टाकी काढली, कॅरियर काढले आणि गाडी रविवारी दोघांना घेऊन निघू लागली, तरी तो ज्यादा पाटा तसाच आहे. परिणामी मागची बाजू उंच, नाक खाली, आणि प्रत्येक गतिरोधकावर मागचा एक्सल उड्या मारतो. मालकाला वाटते की शॉकअप गेले. प्रत्यक्षात शॉकअप मूळच्या स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. कडक केलेल्या स्प्रिंगला आवर घालण्याची ताकद त्याच्यात नसते.

ज्यादा पाटा ओळखणे अवघड नाही. दोन्ही बाजूंचे पाटे मोजावेत, प्रत्येकाची जाडी व्हर्नियरने घ्यावी, यू-बोल्ट मूळ लांबीचे आहेत की लांब टाकले आहेत ते पाहावे. एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा जाड किंवा वेगळ्या रुंदीचा निघाला, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी वाहनाचा आहे, असे खुशाल समजावे. यामागचे गणित सांगतो. जुडीचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. समान सहा पाट्यांत सातवा घातला, तर कडकपणा साधारण १७ टक्क्यांनी वाढेल. पण एखादा ५ मिलिमीटरचा पाटा काढून तिथे ६ मिलिमीटरचा बसवला, तर तो एकटा पाटा ७३ टक्के अधिक कडक होतो, आणि मग भार सर्वांत सारखा वाटला न जाता त्या एका पाट्यावर एकवटतो. मुख्य पाटा (सर्वांत वरचा, लांब पाटा) वळीजवळ (टोकाच्या गोल डोळ्याजवळ) तुटण्याचे प्रकार अशा मिसळ केलेल्या जुड्यांमध्ये अधिक दिसतात.

गाडी एका बाजूला झुकत असेल, तर पाट्यांना हात लावण्याआधी एक सोपी तपासणी करावी. सपाट फरशीवर गाडी उभी करून, चारही टायरांत हवा सारखी भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजावी आणि लिहून ठेवावी. मग पुढच्या क्रॉसमेंबरच्या (आडव्या पोलादी तुळईच्या) अगदी मध्याखाली जॅक लावून पुढची दोन्ही चाके जमिनीवरून थोडी उचलावीत, म्हणजे पुढच्या स्प्रिंगचा प्रभाव निघून जातो. या स्थितीत मागची बाजू समतल झाली, तर दोष पुढच्या कॉइलमध्ये आहे. तरीही झुकलेलीच राहिली, तर दोष मागे आहे. मागे दोष असल्याचे ठरल्यावर डाव्या-उजव्या जुड्यांची अदलाबदल करून पाहावी. झुकाव बाजू बदलतो का? बदलला, तर पाटा बसलेला आहे. बदलला नाही, तर बॉडीवरचे आधार तपासायला हवेत, आणि ही शक्यता कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या गाडीत कधीही नाकारू नये. पद्मिनीला स्वतंत्र चासी नाही. पाट्यांचे आधार बॉडीच्या पत्र्यालाच जोडलेले आहेत. डिकीतील गालिचा उचलून, खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून, शॅकलच्या आधाराभोवतीचा पत्रा ठणठणीत आहे का, हे पाहिल्याशिवाय नव्या पाट्यांवर एक रुपयाही खर्च करू नये.

शेवटचा मुद्दा पाट्यांना पुन्हा कमान देण्याचा. हमरस्त्यावरच्या कमान-पाट्याच्या दुकानात थंड पाटा ऐरणीवर ठेवून घणाचे ठोके मारत कमान वाढवतात. अशी कमान थोडे दिवस टिकते आणि पुन्हा बसते. काही ठिकाणी भट्टीत लाल करून वाकवतात आणि तसाच हवेत गार होऊ देतात; ते अधिक वाईट, कारण पोलादाचा मूळ कस त्यात निघून जातो आणि मऊ झालेला पाटा पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाकतो. योग्य पद्धत अशी की पाटा पूर्ण तापवून आकार द्यायचा, तेलात विझवायचा आणि त्यानंतर ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. हे काम भट्टीचे तापमान मोजणाऱ्या कारखान्यातच करून घ्यावे. माझ्या मते मुख्य पाटा कधीही पुन्हा कमान देऊन वापरू नये. तो नवा करून घ्यावा आणि खालचे पाटे सुस्थितीत असतील तरच पुनःसंस्कार करून वापरावेत.

ज्यांनी हे काम करून घेतले आहे, त्यांनी आपापले अनुभव आणि सुटे भाग मिळण्याची ठिकाणे अवश्य लिहावीत.

नाना_पेठी

धागा अत्यंत उपयुक्त झाला आहे. सुट्या भागांविषयी थोडे लिहितो.

पुण्यात नाना पेठेतील आणि मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरातील जुन्या दुकानांत पद्मिनीचे भाग अजून निघतात; कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातून काढलेले भाग मिळतात. मात्र "जुना साठा, न वापरलेला" असे सांगून दिलेला प्रत्येक भाग विकत घेण्याजोगा नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पोलादी भागांचे वय होत नाही. तेल लावून कागदात गुंडाळलेला मुख्य पाटा पंचवीस वर्षांनीही तितकाच चांगला असू शकतो. रबराचे तसे नाही. पाकिटातून न काढलेला बुशही इतक्या वर्षांत कडक होतो. बुश हातात घेऊन अंगठ्याच्या नखाने दाबावा. नखाची खूण उमटून भरून आली, तर रबर जिवंत आहे. नख घसरले किंवा कडेला बारीक भेगा उघडल्या, तर तो तिथेच ठेवून यावा, मग त्यावर कारखान्याचे मूळ लेबल का असेना.

शॉकअपच्या बाबतीतही असेच आहे. वर्षानुवर्षे आडवा पडून राहिलेल्या शॉकअपच्या सील कोरड्या पडलेल्या असतात आणि बसवल्यानंतर महिन्याभरात तेल झिरपू लागते. नवा किंवा जुन्या साठ्यातला कोणताही दोन नळ्यांचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पूर्ण लांबीभर काही वेळा हळूहळू दाबावा आणि ओढावा, म्हणजे आतल्या नळीत शिरलेली हवा बाहेर पडते. दाबताना मध्येच मोकळी जागा जाणवली आणि काही फेऱ्यांनंतरही ती गेली नाही, तर तो शॉकअप परत करावा. हे सर्व दुकानातच करून पाहावे. चांगला दुकानदार हरकत घेत नाही.

उद्यमनगर

कोल्हापुरात आमच्याकडे लेथवर पिना आणि बुश करून देण्याचे काम रोजचेच आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

शॅकलची पिन साध्या पोलादाची करून देणारे पुष्कळ आहेत, पण तशी पिन लवकर झिजते. पिनेचा गाभा चिवट आणि पृष्ठभाग कठीण हवा. त्यासाठी केस हार्डनिंग होणारे पोलाद घ्यावे लागते, आणि हार्डनिंगनंतर पिनेला ग्राइंडिंग करून अचूक माप द्यावे लागते. नुसती काळी करून दिलेली पिन पाहायला छान दिसते, पण तिच्यावर कानस फिरवली तर सहज खरवडली जाते. घेताना कोपऱ्यावर कानस लावून पाहण्याचा आग्रह धरावा.

पाटा तडकला असेल, तर वेल्डिंग करून वापरण्याचा विचारही करू नये. या पोलादात कार्बन जास्त असतो. वेल्डिंगच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पाटा पुन्हा त्याच जागेच्या बाजूला तुटतो. तो तुटताना मुख्य पाटा असेल, तर एक्सल एका बाजूने मोकळा होतो. याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

यू-बोल्टविषयी एक विनंती आहे. ते स्वस्त असतात आणि म्हणूनच लोक जुने पुन्हा वापरतात. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो, आणि गंजलेल्या आट्यांवर पाना कितीही जोरात ओढला तरी तो जोर घर्षणातच खर्च होतो, जुडी आवळली जात नाही. जुडी सैल राहिली की एक्सल सूक्ष्मपणे पुढे-मागे सरकतो, सेंटर बोल्टवर (पाटे मध्यभागी एकत्र धरणाऱ्या बोल्टवर) कातरणारा ताण येतो आणि तो तुटतो. जुडी उघडली की नवे हाय टेन्साइल यू-बोल्ट आणि नवे नट घालावेत, हा आमच्याकडचा नियम आहे.

घाटवाट

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये प्रीमियर ११८ एनईचा मागचा एक्सल, त्याचे आर्म आणि कॉइल स्प्रिंगसह पद्मिनीला बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. एकाच कंपनीच्या दोन गाड्या असल्याने हे जमेल, असे त्यांचे म्हणणे आहे. कॉइलमुळे आराम वाढेल हे नक्की, मग पाट्यांनाच धरून राहण्याचे कारण काय?

कुर्ला_अकराशे (धागाकर्ता)

@घाटवाट, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

११८ एनई ही फियाट १२४ वर आधारलेली गाडी आहे. तिच्यातही मागे अखंड एक्सलच आहे, परंतु कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. एक्सलला पुढे-मागे धरण्यासाठी लांबीच्या दिशेने आर्म आहेत आणि आडवे सरकू नये म्हणून पानहार्ड रॉड आहे. म्हणजे पाटा एकटा जी कामे करतो, ती तिथे अनेक भागांत वाटलेली आहेत, आणि त्या प्रत्येक भागाला बॉडीवर स्वतःचा भक्कम आधार लागतो. फियाट १२४ च्या बॉडीत ते आधार मुळातच योजलेले आहेत. पद्मिनीच्या बॉडीत ते नाहीत. पाट्यांच्या गाडीत मागचा भार प्रत्येक बाजूला एक्सलच्या पुढे आणि मागे अशा दूरदूरच्या दोन जागी पोहोचतो. कॉइल बसवली की तोच भार एक्सलच्या वर एका लहानशा जागी येतो. तिथे पद्मिनीत केवळ पातळ पत्रा आहे. त्याला प्लेट वेल्ड करून जाड केले, तरी ताण प्लेटच्या कडेला जातो आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर त्या कडेने पत्रा फाटू लागतो. अशी फाटलेली बॉडी मी गॅरेजमध्ये उचललेल्या अवस्थेत खालून पाहिली आहे: वेल्डिंगची रेघ शाबूत होती आणि तिच्या समांतर, बोटभर अंतरावर, पत्र्याला केसासारखी भेग गेली होती. वरून रंग चांगला असल्यामुळे मालकाला त्याची कल्पनाही नव्हती.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. शिवाय जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. तिचे नोंदणी शुल्क २० हजार रुपये असून पुनर्नोंदणीचे ५ हजार आहे. मात्र चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. १९७४-७५ च्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. आज कापलेली बॉडी उद्या पुन्हा मूळ स्थितीत आणणे किती कठीण आहे, याचा विचार करावा.

आरामाविषयी म्हणाल, तर पाट्यांची गाडी कडक वाटते त्यामागे बहुतांश वेळा पाट्यांमधील गंज असतो. जुडी उघडून पाहिली की हे लक्षात येते. पाट्यांच्या मधून तांबूस पूड गळते, आणि प्रत्येक खालच्या पाट्याचे टोक वरच्या पाट्यात रुतून तिथे एक खाच तयार झालेली असते. पाटे एकमेकांवर घसरायचे सोडून त्या खाचेत अडकतात. लहान धक्क्यांना जुडी दबतच नाही, सगळा हादरा थेट बॉडीत जातो. खाच नखाला जाणवण्याइतकी खोल असेल, तर तो पाटा बाद समजावा, कारण भेग तिथूनच सुरू होते. उथळ असेल, तर ती घासून गुळगुळीत करावी, पाट्यांच्या टोकांच्या खालच्या कडा गोलसर कराव्यात, गंज पूर्ण काढून ग्रॅफाइटयुक्त ग्रीस लावावे आणि जुडी पुन्हा बांधावी. एवढे केल्यावर गाडी चालवून पाहावी आणि मगच कॉइलचा विचार करावा.

ग्रीसऐवजी गॅरेजमध्ये पाट्यांवर जळके इंजिन ऑइल फवारण्याची पद्धत आहे, ती टाळावी. कुरकुर तेवढ्यापुरती थांबते, पण तेलावर धूळ बसून तिचा खरकागद होतो आणि तेच तेल वळीतल्या रबरी बुशपर्यंत जाऊन रबर फुगवते.

हेराल्ड_निगडी

धागा पद्मिनीचा आहे, तरी मागच्या सस्पेन्शनची चर्चा स्टँडर्ड हेराल्डशिवाय अपुरी राहील असे वाटले, कारण तिथे पद्मिनीचे नियम जसेच्या तसे लावले तर धोका संभवतो.

मद्रासला बनलेल्या हेराल्डमध्ये मागे अखंड एक्सल नाही. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा डबा) चासीला पक्का आहे, त्याच्या डोक्यावर पाट्यांची एकच जुडी आडवी बसवलेली आहे आणि दोन्ही बाजूंचे अर्धे एक्सल डिफरन्शियलजवळच्या सांध्यातून पंखांसारखे वरखाली हलतात. चाक वरखाली झाले की त्याचा कलही बदलतो. वेगाने वळण घेताना मध्येच ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला, तर मागची बाजू उचलली जाते, बाहेरचे चाक खालून आत ओढले जाते आणि टायरची पकड एकाएकी सुटते. त्यामुळे हेराल्डची मागची बाजू बसलेली दिसते म्हणून आडव्या जुडीला भरपूर कमान देऊन गाडी उंच करणे, हा या गाडीत सर्वांत चुकीचा उपाय आहे. उंची वाढली की चाकांचा कल अधिकच बिघडतो. जुडी मूळ मापाचीच असावी. माणसे बसल्यावर चाके उभी किंवा वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली दिसावीत.

हेराल्ड मुळात इंग्लंडच्या ट्रायम्फची गाडी; ट्रायम्फने स्वतः आपल्या इतर गाड्यांत या दोषावर दोन मार्ग काढले होते. जीटी ६ च्या दुसऱ्या आवृत्तीत १९६८ साली खाली विशबोन आणि अर्ध्या एक्सलमध्ये रबरी कपलिंग आले. स्पिटफायर मार्क ४ मध्ये १९७० साली जुडीतील सर्वांत खालचा एकच पाटा डिफरन्शियलला पक्का ठेवून बाकीचे पाटे मध्यावर झुलते केले, जेणेकरून वळणात जुडीचा गाडी कलण्याला होणारा विरोध कमी व्हावा. त्याची भरपाई म्हणून पुढचा अँटी-रोल बार (गाडीचे कलणे रोखणारी दांडी) जाड करण्यात आला. हेराल्डला झुलती जुडी बसवणारे लोक पुष्कळदा हा जाड बार विसरतात आणि मग गाडी वळणात फार कलते, अशी तक्रार करतात. ही दोन्ही कामे एकत्रच करायची आहेत. स्टँडर्डने आपल्याकडे १९७२ च्या गॅझेलमध्ये तिसरा मार्ग धरला आणि सरळ अखंड एक्सल दिला. चालवण्याच्या दृष्टीने तो अधिक निर्धोक निर्णय होता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

लेस्टरवासी

मी इंग्लंडमध्ये एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार चालवतो. तिची मागची रचना पद्मिनीसारखीच आहे, म्हणजे अखंड एक्सल आणि दोन बाजूंना पाटे. फरक असा की १९६२ पासून १९८० पर्यंत शेवटपर्यंत तिला मागे नळीचे शॉकअप मिळाले नाहीत, दांडीचे जुन्या पद्धतीचे डॅम्परच (शॉकअपचेच काम करणारे) राहिले. भारतातील मॉरिस मायनर मालकांनाही हीच रचना ओळखीची असेल.

इथे दांड्यांचे डॅम्पर काढून नळीचे शॉकअप बसवण्याचे तयार किट मिळतात. ते घेण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी: शॉकअपचा वरचा आधार कशाला लावला जातो. दांडीच्या डॅम्परचे बोल्ट त्या डॅम्परच्या ताकदीच्या हिशेबाने दिलेले आहेत. त्याच जागी लांब ब्रॅकेट लावून कडक गॅसचा शॉकअप टांगला, तर ब्रॅकेटच्या लांबीमुळे बोल्टांवर मूळपेक्षा कितीतरी जास्त पीळ येतो. मी माझ्या गाडीत दांडीचे डॅम्परच पुनर्निर्मित करून घेतले. त्यांतले तेल मात्र नियमाने तपासावे लागते.

पॅराबोलिक पाट्यांचा पर्यायही इथे लोकप्रिय आहे. यात पाट्याची जाडी मध्याकडून टोकाकडे कमी होत जाते, पाट्यांची संख्या कमी असते आणि ते फक्त मध्ये व टोकांना एकमेकांना टेकतात. घर्षण जवळपास नाहीसे होत असल्याने लहान धक्के सुरेख गिळले जातात. मात्र जुन्या जुडीतील घर्षण हेही एक प्रकारचे डॅम्पिंगच होते. ते गेल्यावर सगळा बोजा डॅम्परवर येतो. थकलेले डॅम्पर तसेच ठेवून पॅराबोलिक पाटे बसवणाऱ्यांची निराशा होते.

नियमांविषयी धागाकर्त्यांनी लिहिले, त्याला इथे समांतर उदाहरण आहे. मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वार्षिक एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, याच्या) तपासणीतून सूट आहे, पण गाडीत मोठा बदल झालेला नसावा, आणि सस्पेन्शनचा प्रकार बदलणे हा मोठ्या बदलांपैकीच एक धरला जातो. सुटे भाग बदलणे वेगळे आणि रचना बदलणे वेगळे, हा फरक दोन्ही देशांत महत्त्वाचा ठरतो.

नवी_पद्मिनी

नमस्कार. माझी गाडी नुकतीच घेतलेली, पूर्वीची टॅक्सीच आहे. मागून उंच दिसते, खड्ड्यात आपटते आणि डावीकडून कटकट आवाज येतो. सगळे काम एकदम करण्याइतके पैसे सध्या हाताशी नाहीत. काय आधी करावे? बुशसाठी पॉलियुरेथेन चांगले की रबर? आणि उंची कमी करण्यासाठी एक्सल व पाट्यांच्या मध्ये ठोकळे घालण्याचा सल्ला एकाने दिला आहे, तो योग्य आहे का?

कुर्ला_अकराशे (धागाकर्ता)

@नवी_पद्मिनी, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ठोकळे घालू नका. ठोकळ्यामुळे एक्सल पाट्यापासून दूर जातो, आणि ब्रेक किंवा पहिल्या गिअरमधील ओढ लागते तेव्हा एक्सल पाट्याला अधिक मोठ्या तरफेने पिळतो. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि सुटतो, पुन्हा वाकतो आणि सुटतो. तुमच्या गाडीची उंची बहुधा ज्यादा पाट्यामुळे आहे. कारण काढून टाकता येत असताना त्यावर दुसरा भाग चढवण्यात अर्थ नाही.

पैशांचा विचार करता सर्वप्रथम बॉडीवरचे आधार तपासून घ्या. त्याला जवळपास काहीच खर्च नाही आणि तिथे गंज निघाला, तर बाकी सर्व कामांना थांबावे लागेल. त्यानंतर बुश, शॅकल पिना आणि यू-बोल्ट एकत्र घ्या, कारण जुडी एकदाच उतरवायची आहे. त्याच वेळी ज्यादा पाटा काढा, जुडी साफ करा. शॉकअप शेवटी घ्या. मूळ स्प्रिंगवर आल्यानंतर आहेत ते शॉकअपही पुरेसे ठरण्याची शक्यता आहे. गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडल्यावर ती वर येऊन एका हेलकाव्यात स्थिर झाली, तर ती खरेदी पुढे ढकलता येईल.

बुशसाठी मी रबराच्याच बाजूने आहे. पाट्याची वळी वरखाली फिरते, तशीच एक चाक खड्ड्यात गेल्यावर थोडी तिरकीही होते. रबर ते सहन करते. पॉलियुरेथेन कडक असल्याने तो पीळ वळीत आणि बॉडीच्या आधारात जातो, आणि ठरावीक सिलिकॉन ग्रीस नसेल तर आवाजही करते. शर्यतीत धावणाऱ्या गाडीला त्याचा फायदा आहे. तुमच्या वापराला नाही.

जुडी उतरवताना घ्यायची काळजी नीट वाचा. गाडीची बॉडी भक्कम स्टँडवर ठेवा, एक्सलखाली वेगळा जॅक लावा आणि शॉकअपचे खालचे टोक सोडा. एक्सल हळूहळू खाली करा, ब्रेकच्या लवचीक नळीवर ताण येत नाही ना ते पाहा. जुडी खाली उतरली तरी तिच्यात ताण शिल्लक असतो. सेंटर बोल्ट नुसता उघडला, तर पाटे उसळून हाताला किंवा तोंडाला लागू शकतात. सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना दोन जी-क्लॅम्प आवळा, मग बोल्ट काढा, आणि क्लॅम्प आळीपाळीने थोडेथोडे सैल करा. जुडी पुन्हा बांधताना आधी तात्पुरता लांब बोल्ट घालून पाटे एका रेषेत आणा. गॅरेजवाल्यांकडून काम करून घेत असाल, तरी शेजारी उभे राहून हे पाहा.

यानंतरची एक पायरी जवळपास प्रत्येक ठिकाणी वगळली जाते आणि त्यामुळे नवे बुश वर्षभरात फाटतात. पुढच्या पिनचे आणि शॅकलचे नट गाडी उचललेली असताना पूर्ण आवळू नयेत. रबरी बुश घसरत नाही, स्वतःला पिळून हालचाल करतो. एक्सल लोंबकळत असताना तो आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यापासून तो कायम पिळलेलाच राहतो. नट हाताने बसवून गाडी चाकांवर उतरवा, मागे-पुढे ढकलून पाटे बसू द्या, मागच्या सीटवर दोन माणसे बसवा आणि मग खाली जाऊन नट पूर्ण आवळा.

पुढे शॉकअप घ्यायची वेळ आली, तर दुकानात फक्त गाडीचे नाव सांगून भागत नाही, कारण तुमच्या गाडीत आधी कोणी काय बदलले आहे ते माहीत नसते. एक्सल पूर्ण लोंबकळत असताना आणि वर जाऊन बॉडीखालच्या रबरी ठोकळ्याला टेकलेला असताना, अशी वरच्या आणि खालच्या आधारांतील दोन अंतरे मोजा. शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी पहिल्या अंतरापेक्षा आणि पूर्ण दबलेली लांबी दुसऱ्या अंतरापेक्षा किमान २० मिलिमीटरने सुरक्षित बाजूला हवी, म्हणजे उघडताना जास्त आणि दबताना कमी. ही माणसे बसलेल्या आणि सामान भरलेल्या गाडीची मापे नाहीत, टोकाची मापे आहेत, हे दुकानदाराला सांगा. यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांच्या फेऱ्यांनंतर पुन्हा एकदा तपासा. नवी बांधलेली जुडी दाबून बसते आणि नट अर्धा-पाऊण फेरा आणखी घेतात.